घाटावर न गेलेली गोणी

हे सगळं २०२३ साली घडलं. दिवाळी होऊन गेली होती, तुळशीची लग्नं लागली होती आणि आमच्या माजिवड्याच्या घरात रुचिताच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. मी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होते.

रुचिता माझी नात, माझा मुलगा विश्राम याची एकुलती एक मुलगी. तिनं मुलगा आपला आपणच शोधला होता. संदेश त्याचं नाव. तिच्याच ऑफिसातला, डोंबिवलीत वाढलेला, मूळ घाटावरचा. आम्ही आगरी, ते कुणबी. विश्राम पहिले काही दिवस बोललाच नाही. मग एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "पोरगा दारू पीत नाही ना? मग बास झालं." जातीचा विषय आमच्या घरात एवढ्यावरच मिटला. मला हायसं वाटलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत नव्हतं.

संदेश आणि त्याची आई पहिल्यांदा घरी यायचे होते, म्हणून मी माझ्या नणंदेला, आवडाबाईंना, ठाकुर्लीहून बोलावून घेतलं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. आमच्यात लग्न भटजी लावतो हे खरं, पण त्याआधी धवलारीण लागते. हळदीपासून प्रत्येक विधीला ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, देवांना बोलावते, गेलेल्या वडिलांना बोलावते, आणि तिनं गायल्याशिवाय जुन्या माणसांना लग्न लागल्यासारखं वाटत नाही. आवडाबाई आयुष्यभर धवलारीण होत्या. आता बाहेर जाऊन गात नसत, पण घरातलं एकही लग्न त्यांनी सोडलं नव्हतं. रुचिताचं नावसुद्धा त्यांनीच ठेवलेलं. बारशाला पाळण्यात वाकून तिच्या कानात पहिल्यांदा त्यांनीच उच्चारलं.

संदेश आला, वाकून नमस्कार केला. आवडाबाईंना मुलगा आवडला हे त्यांच्या प्रश्नांवरूनच कळत होतं. नावडत्या माणसाला त्या प्रश्न विचारत नाहीत.

"गाव कंचा रं तुजा?"

"घाटावर, आजी. नाणेघाट माहितीये? त्याच्या डोक्यावर. हिरडेवाडी म्हणून छोटीशी वस्ती आहे. तुम्ही नसेल ऐकलेली."

"आरनाव काय लावता?"

"लांडे. पण गावात आम्हाला कोणी लांडे म्हणतच नाही. मिठ्यांचं घर म्हणतात."

"मिठ्यांचा? क्याला?"

"काय माहीत! आजोबांना विचारलं पाहिजे." तो हसला. "घरात कुणाला शुगर नाही ना, म्हणून मिठाचे असू."

रुचिताही हसली. आवडाबाईंनी मात्र हातातला कप बशीत ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मिठ्यांचं घर म्हणजे काय हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं.

पाहुणे गेल्यावर त्या म्हणाल्या, "हा लगीन व्हनार नाय. तो पोऱ्या रुचिताचा भाव लागतंय."

आता हे भाऊपण कुठलं ते सांगते. आमच्या सासरी पूर्वी ठाण्याच्या खाडीवर मिठागर होतं. माझे सासरे रघुबाबा सांगायचे की त्यांच्या आजाच्या वेळी मीठ होडीनं कल्याणला जायचं, तिथून बैलांच्या पाठीवर मुरबाडला, आणि मग नाणेघाटाची चढण. दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत दगड बसवून केलेली ती वाट. किती जुनी ते कुणालाच ठाऊक नाही. सासरे म्हणायचे, बैलांच्या खुरांनी दगडांत वाट्यांसारखे खळगे पडलेत. पुढे रेल्वे झाली. कसाऱ्यावरून आणि खंडाळ्यावरून मीठ डब्यांतून वर जाऊ लागलं आणि बैलांचे तांडे बसले. सगळ्यांचे बसले, पण आमच्या घराची एक गोणी मात्र दर चैत्रात जातच राहिली. कारण ती व्यापाराची नव्हती, भावाची होती.

घाटमाथ्यावरच्या एका घराशी आमच्या घरानं मीठभाऊपण बांधलं होतं. खिंडीच्या तोंडाशी एका बाजूला पाटाएवढा एक दगड, त्याला वर खळगा. चैत्रात दोन्ही घरचे पुरुष तिथं भेटायचे. आमचं मीठ आणि त्यांची नाचणी त्या खळग्यात एकत्र करायची, चिमूट चिमूट दोघांनी तोंडात टाकायची. मग गोणी त्यांची, नाचणीचं पोतं आमचं. पावसाळ्यात वाट बुजली, दरड आली, माणूस आजारी पडला, तर त्या घरानं सांभाळायचं. आणि सख्ख्या भावांत जे होत नाही ते या दोन घरांतही व्हायचं नाही. मुलगी द्यायची नाही, घ्यायची नाही.

बायका कधीच वर गेल्या नव्हत्या. पण ही शेवटची गोष्ट आम्हाला अगदी पक्की सांगून ठेवलेली होती. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी मला सांगितलं, "सोयरीक कुठेही बघा, फक्त मिठ्यांच्या घरात नाही."

विश्रामला हे सांगितल्यावर तो वैतागला. "आत्या, हे काय कुठल्या जमान्यातलं काढलंस? रक्ताचं नातं आहे का? डॉक्टरला विचार हवं तर."

"डाक्टर धवला गाल का?" आवडाबाईंनी विचारलं.

"अगं पण ते भाऊपण आता आहे कुठे? कोणी पाहिलंय तरी त्यांना?"

"माजे बापाशीचा शबूद हाय. त्यो मेला म्हनून शबूद मरंल का? करा तुमी लगीन. मी धवला गानार नाय, आन् मांडवान येनार नाय."

त्यांनी पिशवी उचलली आणि ठाकुर्लीला निघून गेल्या.

त्या रात्री रुचिता माझ्याजवळ येऊन झोपली. म्हणाली, "आजी, लग्न तर आम्ही करूच. रजिस्टर पण होईल. पण आत्याआजी नसली ना, तर मला ते लग्न केल्यासारखं वाटणारच नाही गं. लहानपणापासून मी ऐकत आलेय, माझ्या लग्नात ती काय काय गाणार आहे."

मी पस्तीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं. शपथेनं कुणी कुणाचा भाऊ होत नाही हे मलाही कळतं. पण मी त्याच घरात साठ वर्षं काढली होती, त्या मिठ्यांच्या नाचणीची भाकर खाल्ली होती. मला ते झटकून टाकता येईना. दुसऱ्या दिवशी ठाकुर्लीला जाऊन मी नणंदेला म्हटलं, "वन्सं, नाही म्हणायचं तर भावाच्या तोंडावर जाऊन म्हणू या. घाटावर संदेशचे आजोबा अजून आहेत. एवढ्या वर्षांत आपण दोघींनी तो दगड पाहिलासुद्धा नाही. निदान बघून तर येऊ."

त्यांनी चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाल्या, "गारी कोन चालवंल?"

"संदेश."

"हळू चालवंल का? मना उलटी व्हते."

रविवारी सकाळी निघालो. संदेश गाडी चालवायला, शेजारी रुचिता, मागे मी. ठाकुर्लीला आवडाबाईंना घेतलं. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून तयार होत्या आणि मांडीवर एक गाठोडं घट्ट धरून बसल्या होत्या. संदेश म्हणाला, "आजी, द्या, डिकीत ठेवतो." तर त्यांनी ते पदराखाली घेतलं. "ऱ्हाव दे. माजा हाय."

शहाडच्या पुलावर नेहमीसारखी गाड्यांची रांग. संदेश पुटपुटला, "च्यायला, घाट चढायला वेळ लागत नाही, कल्याण सोडायला लागतो." आवडाबाई म्हणाल्या, "तुजा आजा बैल घेवन आला अस्ता तरी आता पुढं गेला अस्ता." सगळे हसले, पण त्या हसल्या नाहीत.

मुरबाड सोडलं आणि डोंगर दिसू लागले. माझ्या सासऱ्यांच्या काळात गोणी मुरबाडपर्यंत एस.टी.च्या टपावर जायची, तिथून वैशाखऱ्यापर्यंत बैलगाडीत, आणि पुढे ती चढण डोक्यावरून. आता वैशाखऱ्याजवळून गाडी जाताना संदेशनं वेग कमी केला. "ते बघा, आजी. तो अंगठ्यासारखा सुळका दिसतोय ना? त्याच्या बाजूची खिंड म्हणजे नाणेघाट." आवडाबाई काचेला नाक लावून बघत राहिल्या. त्यांचे वडील दर चैत्रात जिथं जायचे ती जागा त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

"हिकरूनच चरून जायचं नाय का?"

"चालत जावं लागेल, आजी. तीन तास तरी लागतील. आपण माळशेजनं वर चढू आणि जुन्नरच्या बाजूनं वळसा घालून येऊ. आता खिंडीपर्यंत रस्ता झालाय. गाडी जाते."

"माजा बापूस पायान जायाचा," त्या म्हणाल्या. एवढंच.

माळशेजचा घाट लागला. कातळ उभा कापून काढलेला रस्ता, एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला दरडींसाठी लावलेल्या जाळ्या. जागोजागी गाड्या थांबवून पोरं फोटो काढत होती. आवडाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. वळणावळणाला त्यांचा हात माझ्या हातावर आवळत होता आणि दुसरा गाठोड्यावर. बोगदा ओलांडून गाडी सपाटीला लागली तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला. "झाला?"

"झाला, आत्याआजी."

"एवराच?" त्यांना जरा फसवल्यासारखंच वाटलं असावं.

हिरडेवाडीत पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. अंगणात हिरडा वाळत घातला होता आणि पडवीत संदेशचे आजोबा, महिपत, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. उंच, वाळके, आवडाबाईंपेक्षा दोनच वर्षांनी लहान. संदेशनं आमची ओळख करून दिली. "आजोबा, ही रुचिता. या तिच्या आजी, रतनबाई. आणि या तिच्या मोठ्या आत्याआजी."

"या, या. माजिवड्याचं ना तुमी? ठान्याचं?" त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "ग्वाड हाय पोरगी."

आवडाबाई उभ्याच होत्या. म्हणाल्या, "मी माजिवड्याचे रघू पाटलाची लेक."

म्हाताऱ्याचा हात पोरीच्या डोक्यावरच थांबला. त्यांनी मान वर करून आवडाबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग लांब अंगणाकडे. आतून त्यांची धाकटी सून पाणी घेऊन आली तरी कुणी हात पुढे केला नाही. संदेशला काही कळेना. तो रुचिताकडे बघत होता.

"रघू मीठवाला," महिपत म्हणाले. "म्हंजे तुमीच त्ये."

"आमीच. म्हनून सांगाया आलू का हा लगीन व्हत नाय. आपुन भाव-बहिनी लागतंव."

"भाऊ!" म्हातारा एकदम मोठ्यानं म्हणाला. "आवं, भाऊ असता तर आला न्हवता का? तीन चैत माझा बा नाचणीचं पोतं घिऊन खिंडीत बसून ऱ्हायला. सकाळपून दिस मावळंस्तवर. खालून कुनी वर आलं न्हाई. घरातलं मीठ सपलं, तर दुकानातलं आनू दिईना. म्हनायचा, भावाचं येतंय. आमी आळनी भाकर खाल्ली. शेवटाला आयनं गुपचूप दुकानातलं आनलं आन् बाला सांगितलं, घाटाखालून आलंय. त्यानं खाल्लं. काय बोलला न्हाई. पर त्याला कळालं व्हतं."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "माळशेजचा रस्ता व्हत व्हता तवा बा दोन साल थितं खडी फोडत व्हता. हाताची सालं निघायची. मजुरीसाठी जायाचाच, पर म्हनायचा, रस्ता झाला की रघूभाऊ गाडीतनं यील, बिचाऱ्याचं पाय वाचतील. झाला रस्ता. लॉऱ्या आल्या, येष्टी आली. आन् रघूभाऊ यायचाच थांबला. का वं? का आला न्हाई त्यो? येवढं मला सांगा, मग लगीन मोडा न्हाईतर करा."

त्यांच्या त्या बोलण्यात मला पन्नास वर्षांपूर्वीचा आमचा ओटा दिसला. का आले नाहीत ते मला माहीत होतं. माझ्यासमोरच घडलं होतं.

मी सांगितलं. माझ्या लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती. चैत्रात सासऱ्यांनी नेहमीसारखी गोणी भरली आणि पहाटे निघाले. घाटावरून परतायला एरवी त्यांना चार दिवस लागायचे. त्या वर्षी दुसऱ्या दिवशीच रिकाम्या हातांनी परत आले. ओट्यावर बसले, पाणी मागितलं. सासूबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "मुरबाडच्या स्टँडावर उभा होतो. समोरून मिठानं भरलेल्या लॉऱ्या घाटाकडे जात होत्या. एकामागून एक. आता वरच्या भावाच्या, परशुरामच्या दारात मीठ पोचतं गाडीनं. मी डोक्यावर एक गोणी घेऊन गेलो तर लोक म्हणतील, नाचणी मागायला आला. भावाला अवघडल्यासारखं होईल." पुढच्या चैत्रातही ते तेच म्हणाले. त्यानंतर गोणी भरलीच नाही. पण मरेपर्यंत दर चैत्रात एकदा तरी म्हणायचे, "वर आपला भाऊ आहे."

महिपत डोळे मिटून ऐकत होते. "म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "ज्यो रस्ता बानं त्येच्यासाठी फोडला, त्यो बघून त्यो माघारी गेला."

"हो."

"आन् ती गोनी?"

याचं उत्तर मला माहीत नव्हतं. आवडाबाई पडवीच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी गाठोडं सोडलं. आत चिनी मातीची बरणी होती, तपकिरी झाकणाची. त्यांनी फडकं सोडून झाकण काढलं. आत मिठाचे खडे होते, जरा मळकट, चहाच्या रंगाकडे झुकलेले.

"येताना माजे घरी ठेवलीन त्यानी," त्या म्हणाल्या. "ठाकुर्लीस. म्हनला, आवडे, ठेव ही, मोरल्या साली नेव. मोरला साल आला नाय. गोनी पावसान पझरायला लागली तवा लोंच्यान घातला थोरा. पन ही बरनी भरून ठेवली, ती नाय मोरली. भावाचा हाय म्हनून. पार दगुड झालता त्याचा, काल वरवंट्यान फोरला. भावाचे घरा रिकामे हातान कसा येव?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. साठ वर्षं मी या बाईला ओळखत होते. त्यांच्या घरी शंभर वेळा जेवले होते. ही बरणी फडताळात वरच्या फळीवर मी पाहिली होती आणि त्यात जुनं लोणचं असेल असं समजत होते.

महिपतांनी बरणीत बोटं घातली. एक खडा उचलून तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं, पण ते पुसलं नाही. मग आतल्या सुनेला हाक मारून म्हणाले, "पाव्हन्यांना पानी दिलं का गं? आन् भाकरी टाक. ह्येच मीठ घाल." आणि आवडाबाईंकडे वळून, "बस की अक्का वर, खाली का बसलीस?"

त्या दिवशी आम्ही नाचणीची भाकर आणि हुलग्याचं पिठलं जेवलो. मीठ जरा जास्तच झालं होतं. कुणी काही म्हणालं नाही.

जेवण झाल्यावर आवडाबाई पुन्हा मूळ पदावर आल्या. "मंग तर लगीन व्हायचाच नाय. आता पक्का भाव झालास तू."

संदेशचा चेहरा पडला. रुचितानं मान खाली घातली. महिपत मात्र दात कोरत म्हणाले, "सोडू की मग."

"काय सोरू?"

"भाऊपन. दोगांनी मिळून दगूड पालथा घातला की सुटतं. बानं तिसऱ्या साली घालायचा इचार केलता, पर एकल्यानं घालता येत न्हाई. बांधताना दोन घरं, सोडताना बी दोन घरं."

"सुटते?" आवडाबाईंचा आवाज चढला. "सुटते म्हंजे? मना कोनी सांगला नाय!"

"बायांना कोन सांगतंय? तुमाला फकस्त सोयरीक करू नका, येवढंच सांगत्यात."

मला हसू आवरेना. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या बायका बंधन जिवापाड सांभाळत आल्या होत्या, आणि ते सोडवण्याची रीत पुरुषांनी दर चैत्रात आपल्याबरोबर घाटावर नेऊन तिथंच ठेवली होती. आवडाबाईंना आपल्या वडिलांवर चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. "सांगला अस्तास तर जीब झरली अस्ती का?" असं त्या आकाशाकडे बघून म्हणाल्या.

मग गाडीत महिपतांनाही घेतलं आणि खिंडीकडे निघालो. डांबरी रस्ता थेट माथ्यावर जातो. टोकाला मोकळी जागा, तिथं मोटारसायकली, मॅगीची टपरी, कणसंवाला. दोन म्हातारी माणसं दोन्हीकडून पोरांचे हात धरून चालत होती, मी मागून. खिंडीच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे, तो सगळे बघतात. आमचा दगड त्यापासून जरा बाजूला करवंदीच्या जाळीजवळ होता आणि त्यावर ट्रेकिंगला आलेली एक मुलगी बूट काढून बसली होती.

"ऊठ बाय," आवडाबाई म्हणाल्या. "तो आमचा हाय."

ती बिचारी घाबरून उठली. दगडाच्या खळग्यात पाणी, पानं आणि चिप्सचं पाकीट होतं. रुचितानं तो साफ केला. आवडाबाईंनी मीठ घातलं, महिपतांनी खिशातून नाचणी काढून घातली. आधी भाऊपण पुरं करायचं, मग सोडायचं, असं ते म्हणाले. दोघांनी चिमूट तोंडात टाकली. मग दोघांनी दगडाला हात लावले.

दगड हलेना. कित्येक वर्षं मातीत रुतलेला. संदेशनं जोर लावला, रुचितानं लावला, ट्रेकिंगवाल्या मुलीचे मित्र आले. तरी नाही. शेवटी संदेश धावत जाऊन गाडीतून टायर काढायची टॉमी घेऊन आला.

"चालंल का आजोबा, लोखंड लावलेलं?"

"दोन घरांचा हात असला म्हंजे झालं. लाव."

त्यानं टॉमी खाली घातली, महिपतांनी आणि आवडाबाईंनी वरून हात टेकवले, आणि दगड एका बाजूनं उचलला जाऊन पालथा झाला. खालून एक विंचू निघाला. आवडाबाईंनी पायातली वहाण काढून तो तिथल्या तिथे गार केला आणि वहाण पुन्हा पायात घातली.

"झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला," महिपत म्हणाले. "सुटलं. वाट मोकळी."

रुचिता खाली बसून रडायलाच लागली. मी तिला जवळ घेतलं. वाऱ्यानं पदर डोक्यावर राहत नव्हता. खाली कोकण पसरलं होतं, वैशाखरे, मुरबाडचा रस्ता, आणि धुरकटपणात कुठेतरी आमचं ठाणं.

महिपत आवडाबाईंना म्हणाले, "आता इहीनबाई म्हनू का?"

त्या काठावर उभ्या राहून ती दगडी वाट कुठून वर येते ते शोधत होत्या. न वळता म्हणाल्या, "लग्नापून म्हन. आजचा दिस अक्काच म्हन."

आणि मग, बहुतेक स्वतःशीच, त्यांनी धवल्याचा सूर धरला. अगदी हळू. वडिलांना लग्नाला बोलवायचा असतो तो.

माघ महिन्यात लग्न झालं. महिपत नाचणीचं पोतं घेऊन माजिवड्याला आले. वडिलांनी खडी फोडलेल्या माळशेजच्या रस्त्यानं ते पहिल्यांदाच ठाण्यापर्यंत उतरले होते. विश्रामनं त्यांना पूर्वीच्या मिठागराची जागा दाखवायला नेलं. तिथं आता इमारती आहेत. ते म्हणाले, "खारा वास हाय अजून." पुढच्या वर्षी पावसाळ्यात ते घरीच, पडवीत, बसल्या बसल्या गेले.

विश्रामनं जावयाला आधी 'अहो' म्हटलं, मग 'संदेश', आणि आता दोघं मिळून माझी टिंगल करतात. रुचिता आणि संदेश ठाकुर्लीला आवडाबाईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. दर चैत्रात हिरडेवाडीला खडे मिठाची पिशवी नेतात. भाऊपण नाही, आता सासर आहे म्हणून. परत येताना नाचणी आणतात, ती मी दळून ठेवते.

आवडाबाई नव्वदीत आहेत. रुचिताच्या लग्नात त्या पहाटेपर्यंत गायल्या आणि पुढचे आठ दिवस त्यांना आवाज नव्हता. ती बरणी आता खरंच लोणच्याची झाली आहे. मध्ये कुणीतरी त्यांना फोनवर नाणेघाटचा फोटो दाखवला. पालथ्या दगडावर एक जोडपं बसलेलं होतं. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "बसू दे. आता बसाया हरकत नाय."